दोन गोठ्यांची सायकल

कामशेतच्या चौकात आबांचा फ्लेक्स लागलाय. म्हातारा जाऊन वर्ष झालं, त्याचा. फेटा बांधलेले आबा हात जोडून सगळ्यात पुढे उभे, मागे हेल्मेट घातलेले डझनभर सायकलवाले. हे कुठल्यातरी परदेशातल्या शर्यतीतले, मोबाइलवरून उचलून चिकटवलेत, एकाच्याही टायरला मावळची माती लागलेली नाही. आणि खाली हातभर अक्षरांत छापलंय, "मावळचे सायकलमहर्षी".

महर्षी! ज्या माणसाला मरेपर्यंत टायरमध्ये हवा किती भरायची ते कळलं नाही, जो चाक कानाशी धरून त्याला टिचकी मारायचा आणि "हे उपाशी हाय" म्हणायचा, तो महर्षी. मी गाडी बाजूला घेऊन तो फ्लेक्स दोनदा वाचला आणि भर चौकात एकटीच मोठ्यानं हसले. शेजारची पेरूवाली माझ्याकडे बघतच राहिली.

तर आता मला सांगणं भाग आहे. नाहीतर अजून दहा वर्षांनी या माणसाचा पुतळा उभा राहील आणि लोक दसऱ्याला त्याच्या पायाशी सायकली आणून ठेवतील.

माझं लोणावळ्यात जुन्या हायवेला सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे तासाच्या भाड्यानं काळ्या सायकली मिळायच्या. आता मी मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांच्या गिअरच्या सायकली दुरुस्त करते. त्यामुळे खुळ्या माणसांची मला सवय आहे. पण ती खुळं शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी आपापल्या घरी जातात. आबांचं खूळ कान्ह्याजवळच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला होतं आणि कुठल्याही वारी माझ्या दारात येऊन उभं राहायचं.

आबा मूळचे बैलगाडा शर्यतीवाले. साधेसुधे नाहीत, पंचक्रोशीत नाव असलेले. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते. तिच्यावर एक जण स्वार असतो, आणि तिच्यामागे बैल चेवानं सुटतात. तरुणपणी आबा हे घोडीवरचं काम करायचे. पुढे स्वतःचे बैल केले, गुलाल अंगावर घेतला, जमिनीचा एक तुकडा बंगलेवाल्यांना विकून त्याचा दाणागोटा केला. मग मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदी आली. बैल दावणीला उभे राहून म्हातारे झाले, आणि आबा त्यांच्याशेजारी बसून. घरात ज्याला त्याला टोचून बोलायला लागले. अशात त्यांची नात श्रावणी शाळेच्या सायकल शर्यतीत पहिली आली. झालं! बैलांमध्ये साठलेलं सगळं शहाणपण म्हाताऱ्यानं सायकलीवर ओतायला घेतलं. बंदी पुढे उठली, पण तोवर सायकलीचा घात होऊन गेला होता.

पहिल्यांदा दुकानात आले ते टेम्पोतून नवीकोरी सायकल घेऊन. बरोबर श्रावणी, काटक, सावळी, फारसं न बोलणारी. मला पाहून आबांनी दुकानात आत डोकावलं.

"मिस्त्री कुटं हाय?"

"मीच."

"तू? पोरी, ही नाजूक कामं न्हाईत. दुसरं कोन न्हाई का?"

"नाही. काम सांगा, नाहीतर टेम्पो हलवा. मागे गिऱ्हाईक उभं आहे."

हे त्यांना आवडलं असावं. हसले. सायकल उतरवली. मी पाहिली, आणि खरं सांगते, हात फिरवावासा वाटला. गिअर, साखळी, चाकं सगळं एकाच जपानी कंपनीचं, एकमेकांत लोण्यासारखं फिरणारं. करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"ह्याचं मागलं चाक काढ," आबा म्हणाले, "आन दुसऱ्या कंपनीचं घाल."

"का? काय झालंय याला?"

"झालं काय न्हाई. पर गिअर आन चाक एकाच घरचं हाय."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? आगं, एका गोठ्यातली जोडी लाडावती. येक दमला की दुसरा म्हनतो, मी बी दमलो. दोन गोठ्यांतलं जुपलं की ईर्षा असती. तू का मी, तू का मी! तवा कुटं गाडा वर जातो."

मी श्रावणीकडे पाहिलं. ती टेम्पोच्या टायरकडे बघत होती. घरी हे तिनं किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी समजावलं. त्या वेळी मला अजून वाटत होतं की समजावून उपयोग होतो. मागच्या चाकाच्या मधोमध खाचा पाडलेली एक नळी असते, आम्ही तिला नुसतं बॉडी म्हणतो. गिअरच्या दातेरी चकत्या या नळीवर सरकवून बसवायच्या. प्रत्येक कंपनीच्या खाचा वेगळ्या. जपानी चकत्या इटलीवाल्याच्या नळीवर जातच नाहीत, आणि कुणी जोर करून घातल्याच तर गिअर कडकड करत भलतीकडे उड्या मारतात. हे सगळं मी त्यांना हातात वस्तू देऊन दाखवलं. आबांनी मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे नवीन हायेत, बुजत्यात. आट दिस एका दावणीला बांदली की आपसूक जमंल."

मी कपाळावर हात मारला आणि सायकल परत टेम्पोत चढवली.

त्यानंतर हा माणूस माझ्या मागेच लागला. सकाळी दुकान उघडावं तर आबा पायरीवर. त्यांच्या जुन्या स्कूटरला ते घोडीच म्हणायचे, तिला स्टँडवर न लावता झाडाला टेकवायचे आणि उतरताना तिच्या टाकीवर थोपटायचे. माझ्या गिऱ्हाइकांना फुकट सल्ले. एका डॉक्टरला सांगितलं, तुमची सायकल डाव्या अंगाला ओढतीय, तिला उजवीकडं चारा ठेवा. तो बिचारा हसावं का काय करावं न कळून दोन वेळा थँक्यू म्हणाला. एका बाईच्या सायकलची सीट परस्पर खाली केली, कारण "वशिंडाच्या वर बसू नये." बाई घाट उतरून परत आल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, आणि ऐकून मी घेतलं.

आणि पोळ्याची गोष्ट तर अंगाचा तिळपापड करणारी. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, तेल लावून चमकवतात. आबांच्या गोठ्यात आता बैल नव्हते. मग त्यांनी श्रावणीची सायकल सजवली. हँडलच्या दोन टोकांना शिंगांना घालतात तशा पितळी शेंब्या, सीटखाली गोंडे, पुरणपोळीचा नैवेद्य. इथवर ठीक, कुणाचं काय जातंय. पण म्हाताऱ्यानं दोन्ही चाकांच्या कडांना खोबरेल तेल चोळलं. त्याच कडांवर ब्रेक लागतो! पोरगी दुसऱ्या दिवशी कामशेतच्या खिंडीतून उतरत होती. ब्रेक दाबला, सायकल थांबेना, थेट घाणेरीच्या झुडपात. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं गेलं. मला कळल्यावर मी आबांना फोन करून इतकं बोलले की शेजारच्या चिक्कीवाल्यानं येऊन विचारलं, कुणी वारलं का.

"पर दिसत कशी व्हती!" आबा पलीकडून म्हणाले.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास होता तर हाकलून का नाही दिलं? श्रावणीमुळे. पोरगी खरोखर पळायची. मी या धंद्यात खूप पाय पाहिलेत. महागडे बूट घातलेले, केस काढलेले, त्यावर गोंदवून घेतलेले. असे पाय पाहिले नव्हते. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या दोघींत आली की राज्याच्या संघात जागा, आणि तिथून पुढे खेळाडूंच्या वसतिगृहात राहून शिकायची सोय. घरचे म्हणत होते, एवढं झालं तर जा, नाहीतर कॉलेज आणि सायकल दोन्ही पुरे. तिच्या वयोगटात तिच्याकडे दोनच वर्षं होती, ते वर्ष आणि पुढचं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, साखळी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. नंतर कधी विषय काढला नाही.

चाचणीच्या आधी महिनाभर आबा नाचत आले. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठना डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती. जमिनीच्या ओळखीतून आबा तिथे जाऊन बसायचे. शेठनी आपल्या सायकलची चाकं काढून आबांना देऊन टाकली. इटलीची जोडी. मी हातात घेऊन पाहिली. करंगळीवर पेलतील इतकी हलकी, जरा ढकललं की फिरत राहणारी. चढावर अशी चाकं असली तर पोरीचा निम्मा भार उतरणार होता.

"दुसऱ्या गोठ्यातली," आबा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं मेल्याच्या.

म्हणजे या माणसाच्या अडाणी सिद्धांताला पहिल्यांदाच माझा होकार द्यायची वेळ आली. मला त्या गोष्टीचा इतका संताप आला की मी चाकांत खोट काढायला बसले. खोट नव्हती. फक्त बॉडी इटलीच्या खाचांची होती आणि श्रावणीचे गिअर जपानी. अशा वेळी आतली नळीच बदलायची. त्या चाकाला बसणारी पण जपानी खाचांची बॉडी मिळते, मुंबईहून मागवावी लागते. मी मागवली. "ती येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही," म्हणून आबांना बजावलं. चाकं माझ्याकडेच ठेवायला हवी होती, पण आबा घेऊन गेले.

तीन-चार दिवसांनी मी काही कामानं कान्ह्याला गेले, म्हटलं बघावं. गोठ्यात दावणीला श्रावणीची सायकल बांधलेली. बांधलेली म्हणजे खरंच, कासऱ्यानं. तिच्याशेजारी त्याच दावणीला इटलीची दोन चाकं, गळ्यात घुंगरं घातल्यासारखी एकेक माळ. खाली कडबा. कडबा! म्हटलं, आबा, हे काय?

"येकमेकाचा वास घिऊ दे."

आणि हे कमी म्हणून की काय, जाताना लक्षात आलं की चाकावरून काढून ठेवलेल्या एका दातेरी चकतीच्या आतल्या कडा चकाकतायत. विचारलं, तर म्हणे ग्रिलच्या दुकानात नेऊन जरा कानस मारून बघितली, चाकावर जात्यात का. मी तिथेच, त्यांच्या सुनेसमोर, अंगणात उभी राहून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सायकल, चाकं, चकत्या, माळांसकट सगळं गाडीत घातलं आणि दुकानात आणून कुलपात ठेवलं. सूनबाईंनी मला चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं तुमी बोल्ला. आमचं कुटं ऐकत्यात."

बॉडी आली. आबा समोर स्टुलावर. मी चाकाच्या टोकाची टोपी ओढून काढली, जुनी नळी अलगद फिरवत बाहेर घेतली. आत बारीक खटके असतात, स्प्रिंगवर उघडझाप करणारे. आमच्या धंद्यात त्यांना कुत्ते म्हणतात. पाय थांबवले की चाकातून जो कुर्रर्र आवाज येतो, तो त्यांचा. ते साफ केले, वंगण लावलं, बोटानं दाबून धरत नवी नळी बसवली. खराब केलेली चकती फेकून नवी घातली. चकत्या सरकवल्या, मागे एक पातळ वॉशर टाकली, गिअरची तार ओढून एकेक दात जुळवला. सगळ्यात मोठीवरून सगळ्यात लहानीवर आणि परत. साखळी एकदाही अडखळली नाही. मी पायडल हातानं जोरात फिरवून सोडलं. इटलीच्या चाकांचा आवाज जपान्यापेक्षा खडा असतो. दुकानभर घुमला.

माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत ते एक होतं, मी उगाच लाजणार नाही.

आबा उठले. चाकाजवळ कान नेला. बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, आता तरी एक शब्द बरा निघेल.

"बगितलंस?" म्हणाले. "एका दावणीला बांदल्यावर कसं जमलं!"

मी पाना फेकला नाही, एवढंच.

चाचणी कान्हे फाट्यावरून सुरू होऊन जुन्या हायवेनं खंडाळ्यापर्यंत, तिथून वळून परत. जाताना-येताना माझ्या दुकानावरून. सकाळी मी शटर अर्धं उघडून पायरीवर उभी होते. पहिली कोण येणार याची मला शंका नव्हती, आणि आलीही तीच. मागच्या पोरी वळणापलीकडे राहिल्या होत्या. पाय असे फिरत होते की चाक रस्त्याला टेकतंय का नाही कळू नये. माझ्या तोंडून शीळ निघाली.

आणि मग दिसलं, तिच्यापुढे दोन हातांवर स्कूटर. स्कूटरवर आबा. एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं पंचा फिरवतायत आणि गाडा शर्यतीच्या घाटात बैल सुटल्यावर ओरडतात तसे ओरडतायत, "भिर्रर्रर्र! भिर्रर्रर्र!"

घोडी. म्हातारा घोडी होऊन पळत होता.

सायकल शर्यतीत गाडीच्या मागे चालवणं म्हणजे सरळ सरळ बाद. पुढची गाडी वारा अडवते, मागच्याचं काम हलकं होतं. हे शेंबड्या पोराला माहीत असतं. श्रावणी किंचाळत होती, "आबा, बाजूला व्हा! व्हा बाजूला!" आबांना वाटलं पोरीला चेव चढलाय. ती त्यांना ओलांडून पुढे जायला बघत होती, तर यांनी मूठ आणखी पिळली. बैलांनी घोडीला गाठणं म्हणजे घोडीवाल्याची नामुष्की ना! मी रस्त्यात धावत गेले, हात हलवले, ओरडले. त्यांनी मलाही पंचा फिरवून दाखवला. त्यांच्या मागोमाग पंचांची जीप गेली.

मी दुकान तसंच टाकून खंडाळ्याला पोचले तोवर संपलं होतं. श्रावणीला वळणावरच थांबवलं होतं. ती कठड्याला सायकल टेकवून उभी होती, छातीवरचा नंबर काढून तिनं हातात घेतला होता. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. आबा पंचांशी हुज्जत घालत होते.

"आवो, मी तिला हात तरी लावला का? घोडीच न्हाई म्हंजे काय? मग पुडं कोन पळायचं?"

"पुढं कुणी नाही पळायचं, आजोबा. तिचं तिनं पळायचं."

"येकटीनं?"

"एकटीनं."

 आबांनी नातीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. मागून एकेक पोरगी वळसा घालून परत जात होती आणि प्रत्येक जण जाताना श्रावणीकडे बघून जात होती. मी आबांना म्हटलं, "झालं समाधान? दोन गोठ्यांची जोडी, पुढं घोडी, आणि पोरीचं वर्ष मातीत!" वाईट बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

त्यानंतर आबा दुकानात आले नाहीत. पायरी मोकळी, गिऱ्हाइकांना शांतता. श्रावणी यायची, सायकल दाखवायची, जायची. आजोबांशी बोलत नाही एवढं तिच्या आईकडून कळलं. एका घरात, एका पंगतीत, आणि शब्द नाही. आबा म्हणे गोठ्यात जेवायला लागले. घरच्यांनी तिला आणखी एक वर्ष दिलं, तेही कुरकुरत. तिला आता सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा कामशेतची खिंड चढताना लोक बघायचे.

पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती चाकं तपासून घ्यायला आली. मी सगळं पाहिलं, ठीक होतं. तरी ती जाईना.

"ताई, उद्या आबा कुटं असतील?"

"मला काय विचारतेस? घरी विचार."

"घरी सांगत न्हाईत. स्कूटर पुसून ठेवलीय त्यांनी." तिनं फडकं उचललं आणि पुसलेलीच साखळी परत पुसायला घेतली.  "ह्या वेळी बाद झाले तर संपलंच ना सगळं."

मी तिला म्हटलं, तू झोप जा, म्हाताऱ्याचं मी बघते. कसं बघणार होते देव जाणे. मनात एवढंच होतं की दिसला तर स्कूटरच्या टायरमध्ये पाना खुपसायचा.

सकाळी शटर वर केलं तर आबा पायरीवर. स्कूटर झाडाला टेकवलेली, चकचकीत. माझा हात पान्याकडे गेला. आबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या पुढे धरली.

"घे. आन मला आत बसीव."

"म्हणजे?"

"मला माजा भरवसा न्हाई. ती दिसली की मी सुटतो. हातापायात येतंय, मी काय करू?" मग स्टुलाकडे बोट दाखवलं. "रस्त्याकडं पाट करून बसतो. मी वळलो तर तू ते शटर पाड."

मी किल्ली घेतली आणि घरच्या किल्ल्यांबरोबर कमरेला लावली.   आबा ट्यूबच्या खोक्यांच्या फडताळाकडे तोंड करून बसले, टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. तेवढ्यात श्रावणीचा फोन आला, सुरुवातीच्या रेषेवरून. मी सांगितलं, तुझे आजोबा माझ्या दुकानात आहेत, भिंतीकडे तोंड करून बसलेत, किल्ली माझ्याकडे आहे, तू बिनघोर पळ.  फोन बंद झाला.

जाताना घोळका आला. सूंऽऽ करून गेला. आबांच्या मानेची शीर उडत होती, पण मान हलली नाही. "गेली का?" विचारलं. म्हटलं, गेली. "कितवी?" म्हटलं, घोळक्यात आहे, कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं, तिसरी होती. मग आम्ही वाट बघत बसलो. 

परत येताना चौघीच पुढे होत्या, एकमेकींच्या चाकाला चाक लावून. श्रावणी त्यात होती. चौघींचेही पाय जिवाच्या आकांतानं चाललेले. अशा वेळी पाय अर्धा श्वास थांबवला तरी पुढची निसटते.

माझ्या दुकानासमोर आली आणि श्रावणीनं पाय थांबवले.

मान सरळ, नजर पुढच्या पोरीच्या पाठीवर, आणि पाय थांबलेले. इटलीचं चाक खडखडीत वाजलं, कुर्रर्रर्र, दुकानाच्या आतपर्यंत. तिघी सुटल्या, चांगल्या दोन सायकलींइतक्या पुढे गेल्या. मग हिनं परत पायडल हाणलं आणि उतारावर दिसेनाशी झाली. मी रस्त्यावर उभी राहून तिला शिव्या घालत होते, काय करतेस कार्टे म्हणून.

आत येऊन पाहिलं तर आबा तसेच, फडताळाकडे तोंड करून. टोपी तोंडावर धरलेली. खांदे हलत होते.

पोरगी निवडली गेली. दुसरी आली, दोघी घेतल्या. पहिली येता आली असती, हे ती पेढे द्यायला आल्यावर मी तिला तोंडावर सांगितलं. म्हटलं, अक्कल गहाण ठेवली होतीस का? शर्यतीत पाय थांबवतं का कुणी? हे पण आजोबांकडून शिकलीस का?

"त्यांना वळून बगता येत नव्हतं ना," ती म्हणाली. "मग कसं कळनार, मी हाय म्हणून?"

पेढा माझ्या हातातच राहिला. तिला म्हटलं, जा आता, मला कामं आहेत. कामं नव्हती.

हे सगळं त्या फ्लेक्सवर कुठे आहे? तिथे आबा सगळ्यांच्या पुढे उभे आहेत, हात जोडून.